आफ्रिकन सिक्लिडचं पोट फुगलेलं दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. ‘ब्लोट’ वेळेत कसा ओळखायचा?

पिवळाधमक येलो लॅब, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा डेमासनी, मोरपंखी रंगाचा पीकॉक. समुद्रातल्या माशांसारखे रंग आणि तरीही गोड्या पाण्यात राहणारे मासे, म्हणून आफ्रिकन सिक्लिडचे व्हिडिओ बघता बघता अनेक जण घरी टँक आणतात. काही महिने सगळं छान चालतं. मग एक दिवस टँकमधला सगळ्यात दांडगा मासा कोपऱ्यात जाऊन बसतो, खात नाही. तीन-चार दिवसांनी त्याचं पोट फुगतं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तो मरतो.

या आजाराला मासे पाळणारे ‘ब्लोट’ किंवा ‘मलावी ब्लोट’ म्हणतात. पोट फुगल्यावर मासा वाचण्याची शक्यता फार कमी उरते. मात्र त्याच्या आधीचे काही दिवस मासा स्पष्ट खुणा देत असतो. त्या खुणा ओळखता आल्या तर मासा वाचू शकतो, आणि टँकची काळजी नीट घेतली तर आजार बहुतेक वेळा येतच नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर असलेल्या तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या गावात हे मासे पाळायचे असतील, तर इथलं पाणी आणि इथला उन्हाळा या दोन गोष्टींचा वेगळा विचार करावा लागतो. तोही पुढे बघू.

आधी हा मासा समजून घेऊ

दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणून मिळणारे बहुतेक मासे पूर्व आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या दोन मोठ्या तलावांमधले. मलावी तलाव जवळपास ७०० मीटर खोल आहे आणि त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत. तिथलं पाणी कठीण, म्हणजे क्षार असलेलं आणि अल्कधर्मी. मलावीचा पीएच साधारण ७.७ ते ८.६, टांगानिकाचा त्याहून थोडा जास्त. तलाव इतके मोठे, की पाण्याचं तापमान आणि गुण फारसे बदलत नाहीत. हा मासा पिढ्यानपिढ्या अशा स्थिर पाण्यात वाढलेला आहे.

मलावीतल्या ज्या जाती खडकांच्या आसपास राहतात त्यांना ‘एम्बुना’ म्हणतात. डेमासनी, झेब्रा, ऑराटस, येलो लॅब या सगळ्या एम्बुना. यातल्या बऱ्याच जाती खडकांवरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव दिवसभर खरवडून खातात. असं अन्न पचायला वेळ लागतो, म्हणून त्यांचं आतडं लांब असतं. टांगानिकातला ट्रॉफियस हाही असाच शेवाळखाऊ मासा, आणि ब्लोटसाठी तो सगळ्यात बदनाम आहे.

दिवसभर थोडं थोडं शेवाळ खाणाऱ्या माशाला आपण दिवसातून दोनदा पोट भरून प्रथिनं आणि चरबीवालं खाद्य घालतो. अडचणीची सुरुवात इथे होते.

ब्लोट म्हणजे नेमकं काय?

विदर्भातल्या शेतकऱ्याला ‘पोटफुगी’ हा शब्द नवा नाही. ओला हिरवा चारा जास्त खाल्ला की गाई-बैलांचं पोट गॅसने फुगतं. माशांच्या ब्लोटचा प्रकार वेगळा आहे. इथे आतड्याला सूज येते, आतले अवयव बिघडतात आणि पोटाच्या पोकळीत पाणी साचतं. त्यामुळे जनावरांच्या पोटफुगीवरचे तेल पाजण्यासारखे घरगुती उपाय माशांवर करू नयेत.

ब्लोटचं एकच एक कारण अजून ठरलेलं नाही. आतड्यात राहणारे स्पायरोन्यूक्लियस, हेक्झामिटा असे सूक्ष्म परजीवी आणि काही जिवाणू यांच्याकडे बोट दाखवलं जातं. असे जंतू निरोगी माशाच्या पोटातही थोड्या प्रमाणात असू शकतात. चुकीचं खाद्य, खराब पाणी, मारामारी, प्रवास यांमुळे माशाची ताकद कमी झाली की ते वाढतात. म्हणजे औषधाने जंतू मारले, पण माशाला कमजोर करणारं कारण तसंच राहिलं, तर आजार परत येतो.

खुणा कोणत्या, आणि कोणत्या क्रमाने?

पहिली खूण खाण्यात दिसते. आफ्रिकन सिक्लिड खादाड असतात, माणूस टँकजवळ आला की काचेवर झेपावतात. असा मासा खायला पुढे आला नाही, किंवा दाणा तोंडात घेऊन लगेच थुंकू लागला, तर त्याच दिवशी सावध व्हावं.

दुसरी खूण विष्ठेत. नेहमीची विष्ठा खाद्याच्या रंगाची आणि तुटक असते. आजारी माशाची पांढरी, चिकट दोऱ्यासारखी लोंबत राहते. पण उपाशी माशाचीही विष्ठा पांढरट होते, त्यामुळे फक्त एवढ्यावरून ब्लोट ठरवू नये.

तिसरी खूण वागण्यात. मासा इतरांपासून वेगळा राहतो, दगडाआड किंवा फिल्टरमागे लपतो, रंग काळपट पडतो, कल्ल्यांची उघडझाप वाढते.

यानंतर पोट फुगतं. पुढे डोळे बाहेर येतात, गुदद्वाराजवळ लाली दिसते, खवले उभे राहतात. इथपर्यंत आजार पोहोचला की हातात बहुतेक वेळा एक ते तीन दिवसच असतात.

म्हणून मासे खात असताना दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. खाद्य टाकून निघून जाणाऱ्याला पहिली खूण दिसत नाही.

आजारी आहे, की तोंडात अंडी आहेत?

इथे खूप जणांची फसगत होते. मलावीतल्या या सिक्लिडची मादी अंडी तोंडात उबवते. अंडी तोंडात असताना, म्हणजे साधारण तीन आठवडे, ती जवळजवळ खात नाही आणि एकटी राहते. लक्षणं ब्लोटसारखीच वाटतात.

फरक बघायचा तो गळ्यात. अंडी असलेल्या मादीची हनुवटी आणि गळा फुगलेला असतो, तोंड पूर्ण मिटत नाही, मधूनच ती काहीतरी चघळल्यासारखा जबडा हलवते. पोट मात्र सपाट किंवा आत गेलेलं असतं आणि ती चपळ असते. ब्लोट झालेल्या माशाचा गळा नेहमीसारखा असतो, तो सुस्त होतो आणि नंतर पोट फुगतं. हा फरक न बघता औषध टाकलं तर चांगल्या मादीला त्रास होतो आणि पिल्लंही जातात.

खाद्य काय द्यायचं?

एम्बुना आणि ट्रॉफियससाठी स्पिरुलिना असलेले दाणे किंवा फ्लेक्स हे मुख्य खाद्य असावं. जोडीला उकडून साल काढलेला मटार, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, काकडीची चकती देता येते. भाजीवर फवारणी झालेली असते, म्हणून ती नीट धुवून घ्यावी. पीकॉक आणि हॅप जातीच्या माशांना थोडी जास्त प्रथिनं चालतात.

दोन गोष्टी टाळाव्यात. गाय, बैल, कोंबडी अशा उष्ण रक्ताच्या प्राण्यांचं मांस किंवा काळीज देऊ नये, कारण त्यातली चरबी या माशांना नीट पचत नाही. आणि जिवंत ट्युबिफेक्स देऊ नयेत. हे किडे घाण पाण्यात वाढतात आणि जंतू थेट माशाच्या पोटात नेतात. शेवाळखाऊ जातींना ब्लडवर्मही न दिलेले बरे.

किती द्यायचं? मोठ्या माशांना दिवसातून एकदा किंवा दोनदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस पूर्ण उपास. सिक्लिड कायम भुकेलाच दिसतो, त्याच्या उड्या बघून हात सैल सोडू नये. घरात तीन जण ‘मी घातलं नव्हतं वाटतं’ म्हणत तीनदा खाद्य घालतात, हे नेहमीचं आहे. दिवसाचं खाद्य सकाळीच छोट्या डबीत काढून ठेवलं, की डबी रिकामी झाल्यावर कुणी पुन्हा घालत नाही.

वर्ध्याच्या पाण्याची गोष्ट

वर्धा जिल्ह्याचा बहुतांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर आहे. या खडकातून येणाऱ्या विहीर-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मिळतात, म्हणून ते सहसा कठीण असतं. नळाला पांढरा थर चढवणारं हे पाणी आफ्रिकन सिक्लिडला मानवतं. मऊ पाण्याच्या गावात लोक जे क्षार विकत आणून टाकतात, ते इथे पाण्यातच असतात.

पण याच पाण्यात एक धोका आहे, तो म्हणजे नायट्रेट. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात भूजलातल्या नायट्रेटची समस्या गंभीर असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांची नावं आहेत, त्यात वर्धा आहे. शेजारचे अमरावती आणि यवतमाळही आहेत. रासायनिक खतं, जनावरांचं शेण-मूत आणि सांडपाणी ही त्याची प्रमुख कारणं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळांसाठी जास्त नायट्रेटचं पाणी धोक्याचं असतं, त्यामुळे ही तपासणी फक्त माशांसाठी नाही.

सिक्लिडच्या टँकमध्ये नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली, शक्यतो २० च्या आसपास ठेवावं असं सांगितलं जातं. ते सतत जास्त राहिलं तर मासा लगेच मरत नाही, पण कमजोर होत जातो.

आता हिशोब बघा. टँकमध्ये नायट्रेट ८० आहे आणि बोअरच्या पाण्यात ५०. तुम्ही ३० टक्के पाणी बदललं, तरी आकडा ७१ वरच येतो. तेच ३० टक्के पाणी नायट्रेट नसलेलं असतं, तर तो ५६ वर आला असता. दर आठवड्याला पाणी बदलूनही मासे का मरतात, याचं उत्तर कधीकधी या हिशोबात असतं.

उपाय साधे आहेत. नायट्रेट तपासायच्या पट्ट्या किंवा किट आणा, आणि टँकसोबत बोअरचं पाणीही तपासा. त्यात नायट्रेट जास्त निघालं तर पावसाचं स्वच्छ साठवलेलं पाणी किंवा आरओचं पाणी मिसळून वापरा. पूर्ण आरओचं पाणी मात्र नको, कारण त्यात क्षार नसतात आणि पीएच घसरतो. मिसळलेल्या पाण्याचा पीएच ७.८ च्या खाली जात असेल तर फिल्टरमध्ये चुनखडीचे किंवा कोरलचे तुकडे ठेवावेत. मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली तर ती नायट्रेट शोषतात. मासे मुळं कुरतडतात, म्हणून ती फिल्टरच्या कप्प्यात ठेवावीत.

ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी वापरत असाल, तर त्यात टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकलेली असते. दुकानात मिळणारं अँटिक्लोर घातल्याशिवाय ते टँकमध्ये ओतू नये. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुवू नये, टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा. नाहीतर पाणी साफ ठेवणारे उपयोगी जिवाणू क्लोरिनने मरतात.

उन्हाळा आणि गेलेली लाइट

या माशांना २४ ते २८ अंश तापमान मानवतं. वैदर्भीय उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि घरातल्या टँकचं पाणीही ३२ अंशांवर सहज पोहोचतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३२ अंशांना ७.३ च आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते.

टँकचं झाकण काढून जाळी ठेवली आणि पाण्यावर छोटा पंखा लावला, तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. उन्हाळ्यात खाद्य कमी करावं. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी टँकमध्ये अजिबात घेऊ नये. पहाटेचं पाणी बादलीत भरून, एअरपंप लावून, तापमान जुळल्यावरच वापरावं.

लाइट काही तास गेली की फिल्टरमधले जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असावा. लाइट गेली असताना खाद्य घालू नये, आल्यावरही काही तास थांबावं. हिवाळ्यातल्या थंड रात्रींसाठी हीटर लागतो, कारण पाणी गार झालं की पचन मंदावतं.

टँकमधली दादागिरी

सिक्लिड भांडखोर असतात. ज्या माशाचा सतत पाठलाग होतो, त्याला ब्लोट व्हायची शक्यता जास्त. एका नरामागे तीन-चार माद्या, लपायला भरपूर दगड-कपारी, आणि वेगवेगळ्या आकाराचे मासे एकत्र न ठेवणं, एवढं पाळलं तरी मारामारी बरीच कमी होते.

नवीन मासा लांबून आलेला असतो. चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या मत्स्यपैदाशीच्या भागातून निघालेला मासा आधी मोठ्या शहरात, मग दुकानात आणि मग तुमच्या घरी असा पिशवीतून प्रवास करतो. त्याला तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवून, तो नीट खातोय हे बघूनच मुख्य टँकमध्ये सोडावा. विकत घेताना दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगावं. न खाणारा मासा कितीही सुंदर असला तरी घेऊ नये.

ब्लोट झालाच तर काय करायचं?

पहिल्या दिवशी टँकचं अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासा आणि ३० ते ४० टक्के पाणी बदला. सगळ्यांचं खाद्य एक-दोन दिवस बंद करा. आजारी माशाला ४०-५० लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये घ्या. त्यात मुख्य टँकचंच पाणी भरा, एअरपंप लावा, तापमान तेच ठेवा आणि उजेड कमी ठेवा. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून टाका, तो औषध शोषून घेतो.

पोटाला सूज असेल तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, वापरतात. २० लिटरला एक सपाट छोटा चमचा, आधी कपभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओतायचं. त्याने पोट साफ व्हायला आणि सूज उतरायला मदत होते. एप्सम सॉल्ट आणि जेवणातलं मीठ यांची गल्लत करू नये. सिक्लिडच्या टँकमध्ये साधं मीठ ओतत राहणं ब्लोटला निमंत्रण ठरतं, असा अनेक अनुभवी पाळणाऱ्यांचा इशारा आहे.

परजीवींवरचं सगळ्यात वापरलं जाणारं औषध म्हणजे मेट्रोनिडाझोल. मासा अजून खात असेल तर ते खाद्यातून देणं उत्तम, कारण गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसं पीत नाही आणि आतड्यापर्यंत औषध खाद्यातूनच नीट पोहोचतं. प्रचलित प्रमाण एक ग्रॅम खाद्याला १० मिलिग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीची पूड २० ग्रॅम ओलसर खाद्यात, पाच दिवस. मासा खातच नसेल तर ते पाण्यात देतात, ३० लिटरला २०० मिलिग्रॅमची एक गोळी, एक दिवसाआड तीन वेळा आणि मधल्या दिवशी पाव पाणी बदलून.

इथे तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं औषध आहे, म्हणून पशुवैद्यकांना विचारूनच वापरावं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माशांची माहिती मिळाली नाही, तर नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि त्याचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. दोन, मेडिकलमध्ये मेट्रोनिडाझोलसोबत दुसरं अँटिबायोटिक असलेल्या गोळ्याही मिळतात, त्या वापरू नयेत. तीन, खाण्यासाठी वाढवलेल्या माशांना हे औषध द्यायला भारतात मनाई आहे. शेततळ्यातल्या रोहू-कटल्यावर हा उपाय करू नये.

एकाहून जास्त मासे खायचे थांबले तर उपचार संपूर्ण टँकचा करावा लागतो. मासा बरा झाला तरी लगेच पोटभर खाद्य देऊ नये. आठवडाभर अगदी थोडं, स्पिरुलिनाचं खाद्य द्यावं.

मासे नकोसे झाले म्हणून नदीत सोडू नका

काही मासे गेल्यावर कंटाळून उरलेले मासे नदीत किंवा धरणात सोडून देण्याचा विचार मनात येतो. तो टाळावा. उजनीच्या बाजारात मिळणारा चिलापी, म्हणजे टिलापिया, हाही मूळचा आफ्रिकन सिक्लिडच. मोझांबिक टिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि देशभरातल्या जलाशयांत पसरून स्थानिक माशांच्या वाट्याला आला. आजारी मासा सोडला तर त्याच्यासोबत आजारही जातो. मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. मेलेला मासा जमिनीत पुरावा.

थोडक्यात

रोज: खाद्य टाकल्यावर दोन मिनिटं थांबून प्रत्येक मासा खातोय का ते बघा.
दर आठवड्याला: एक दिवस उपास, ३० टक्के पाणी बदल, नायट्रेटची तपासणी.
उन्हाळ्यात: तापमान २८ च्या आत ठेवायचा प्रयत्न, कमी खाद्य, जास्त हवा.
मासा दाणा थुंकला तर: त्याच दिवशी पाणी तपासा आणि मासा वेगळा करा. पोट फुगायची वाट बघू नका.